पान नऊवरचा चंद्र

सिग्नेट, टास्मानिया
रविवार, १४ जुलै २०१९, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे

प्रिय रोवनदादा,

मी ठीक आहे, तूही असशील. आत्ता नवव्या पानाचे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, धुऊन खणांत परत टाकत होतो. हात काळे आहेत, डाग पडला तर माफ कर. आईचा गुडघा बरा आहे. सफरचंदाची झाडं छाटून झाली. खाणीत तुला पाळी कुठली आहे?

पुस्तक झालं. कविता माझ्या, चित्रं माझी, वीस प्रती, सगळ्या हाताने छापून शिवलेल्या. शाळा अर्धी सोडली म्हणून प्रत्येक शब्द कोशात तीनदा पाहिला. नववं पान बाबांवर आहे. त्यात तुझं नाव आहे. बोटीच्या तळाचं बूच लावायला तू विसरलास, असं लिहिलंय.

पेनाने माणूस घाईत काहीही लिहून जातो. ही ओळ मी एकेक खिळा उचलून, उलटी वाचत जुळवली. चार तास लागले. एकदाही थांबलो नाही.

ओळीच्या वर काळं वर्तुळ छापलंय. काल आईने पान पाहिलं. म्हणाली, "चंद्र काय सुरेख आलाय रे. आणि त्याचं नाव घातलंस ते बरं केलंस. अकरा वर्षं मी एकटीच त्याला दोष देत होते." येत्या शनिवारी वाचनालयात पुस्तकाचं प्रकाशन आहे, तिथे ती ते पान स्वतः वाचणार आहे. मावश्यांनाही बोलावलंय.

दादा, तो चंद्र नाही. त्या बुचालाच शाई लावून छापलंय. ते माझ्याकडे आहे.

त्या सकाळी तू धक्क्यावरून विचारलंस, "टोब्या, बूच लावलंस ना रे?" मी हो म्हणालो. ते माझ्या खिशात होतं. बाबा एकटेच बोट घेऊन गेले आणि बुडाले. पोलिसांना तू सांगितलंस, "बूच बघायचं काम माझं होतं." आईने तुझ्याशी बोलणं टाकलं, तू घर सोडलंस, आणि मी तिच्या शेजारी बसून जेवत राहिलो.

तुला ठाऊक होतं का? असलं तर कळवू नकोस, मला सोसणार नाही.

एकोणीस प्रती आज पहाटे उसवल्या. विसावी आईच्या उशाशी आहे. ती मागितली तर का म्हणून विचारेल. अकराला ती चर्चमधून येईल, तेव्हा सांगतो. त्याआधी हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझा,
टोबी

खर्च: कागद, शाई, दोरा मिळून ६४० डॉलर.
देणं: बाबांचे तुझ्या वाट्याचे ४,२०० डॉलर. आईने ते मला दिले, त्यातून हे छापयंत्र आलं. बाकीचं देणं कसं मांडायचं, कळत नाही.