खुर्ची राखायला ये

दि. ९ नोव्हेंबर, सकाळ

चिमणे,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिणार होते, पण इतक्या वर्षांनी त्याचं दोघींनाही हसू येईल, म्हणून नुसताच नमस्कार. फोन केला असता, पण तू ‘हॅलो’ म्हणताच मी भांडायला लागले असते. पत्रात निदान मधे खोडता येतं.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिना दिसला की कुरकुरतात. चिरंजीव ठीक, घरी असतात तेव्हाही फोनमध्येच असतात. मांजर म्हातारं होऊन गेलं. हवा कोरडी आहे.

खुशाली संपली. बातमी अशी, की सूनबाईला दिवस गेलेत. मागच्या वर्षीही गेले होते, ते टिकलं नाही. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीही एवढंच लिहिते.

ती आपल्याच कंपनीत चहा चाखते, हे तुझ्या कानावर असेलच. मी निवृत्त झाले त्या सुमारास तिने नोकरी धरली आणि वर्षभरात माझा मुलगाही धरला. कामात चोख आहे. खिडकीजवळची मुख्य खुर्ची आता तिची. हो, तीच.

डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत गेले होते. त्यांनी तिला विचारलं, “चहा-कॉफी किती?”

“प्यायची म्हणाल तर दोन कप. चाखायची म्हणाल तर दिवसाला दोन-तीनशे. पण थुंकते.”

बाईंचं पेन थांबलं. “दोन कपांना माझी हरकत नाही. पण थुंकलं तरी थोडं कॅफीन पोटात जातंच. किती, ते मला सांगता यायचं नाही.”

“मग थेंबसुद्धा नको.”

“इतकं घाबरू नका हो.”

“घाबरत नाहीये. ठरवतेय.”

रस्त्यात मी म्हटलं, “अगं, आम्ही नऊ महिने भुरके मारले. आमचं काय बिघडलं? तुझा नवरा बघ की!” घरी आल्यावर तिने सोफ्यावर पसरलेल्या चिरंजीवांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “आई, हे उदाहरण नको.”

त्याच दिवशी घरातला चहा, कॉफी, माझं काळं चॉकलेटसुद्धा शेजारणीकडे रवाना झालं. माझं! मी कुठे गरोदर आहे? पण बोलले नाही. वर्षभरापूर्वी ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती, ते मी पाहिलंय.

आता कंपनीचं ऐक. तिने लपवाछपवी न करता मॅनेजरला सगळं सांगितलं. हा नवा आहे, दात फार दाखवतो. म्हणाला, “अभिनंदन! तुम्ही पॅकिंगला जा, हलकं काम आहे. खुर्चीचं परत आल्यावर बघू.”

बघू! या ‘बघू’चं वजन तुला आणि मला ठाऊक आहे. मलाही बाळंतपणाला जाताना ‘बघू’च म्हणाले होते. चार महिन्यांनी मी चमचा घेऊन दारात उभी, तर खुर्चीत तू. साहेब म्हणाले, “ती रुळलीय आता, राहू दे.” तू मान वर केली नाहीस. भुरका मारलास, पिकदाणीत थुंकलीस आणि पुढचा कप ओढलास. कॉन्व्हेंट शाळेत सूप पिताना आवाज आला की सिस्टर आपल्या बोटांवर पट्टी मारायच्या. पुढे आपल्याला पगार मिळाला तो भुरक्यांचाच. त्या दिवशीचा तुझा भुरका मात्र मला अजून ऐकू येतो. निवृत्त होईपर्यंत मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. असो.

सूनबाई माझ्यासारखी दारात उभी राहणारी नाही. तिने तिथल्या तिथे सांगितलं, “नवा माणूस घेऊ नका. मी परत येईपर्यंत जुनं, जाणतं माणूस बसवते.”

“कोण?”

“आमच्या सासूबाई.”

मॅनेजर खूश. एक डिसेंबरपासून या म्हणाला, नाहीतर नवा माणूस घेणार, आणि कायमचा घेणार. ती घरी नाचतच आली. “आई, तुमच्या हक्काच्या खुर्चीत बसा एकदाच्या!”

मी म्हटलं, “बघू.”

बघ, त्याचाच शब्द माझ्या तोंडून. मग गुडघे, जिना, मॅनेजरचे दात अशी कारणंही दिली. सगळी खरी आहेत. त्यांतलं एकही कारण नाही.

शेजारणीकडे चहा गेला त्या दिवसापासून सूनबाई एका नव्या डब्यातला चहा करते. रोज सकाळी मी कप फिरवायची, घोट घोळवायची आणि म्हणायची, “वा! उंचावरचा, पहिल्या खुडणीचा.” ती हसायची. मला वाटायचं, कौतुकाने हसतेय. मागच्या रविवारी चष्मा शोधताना डबा हाती आला. कॅफीन काढून टाकलेला चहा, चिमणे! कॅफीनबरोबर ज्याचा वासही निघून गेलाय, असला. आपण दोघींनी तो ‘धुतलेलं पोतं’ म्हणून बाजूला सारला असता. आणि सूनबाई चिरंजीवांना सांगत होती, “आई किती गोड आहेत रे, माझ्यासाठी पोतं पिऊन वा-वा करतात.” जन्मात पहिल्यांदा मला कोणी गोड म्हणालं, आणि तेही चुकून.

तर, माझं नाक गेलंय. उन्हाळ्यात ताप आला होता, त्याच्याबरोबर गेलं. येईल परत, म्हणून वाट पाहिली. लसूण हुंगला, व्हिनेगर हुंगलं, रॉकेल हुंगलं. सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. परवा दूध करपलं, ते शेजारीण दार ठोकून सांगायला आली. मी ओट्याशीच उभी होते. घरी कोणाला माहीत नाही. रंग आणि पान पाहून अर्धं काम निभेल, असा विचार मी केला होता, खोटं कशाला सांगू! पण उरलेलं अर्धं म्हणजेच काम. मी कुबट माल पास केला, तर जाईल ते नाव सूनबाईचं.

म्हणून हे पत्र. तुझं नाक शाबूत आहे असं ऐकते. बेकरीवाला तुला येताना पाहून कालचा पाव लपवतो म्हणे. तू बस त्या खुर्चीत. तू येणार म्हटल्यावर मॅनेजर दारापर्यंत घ्यायला येईल. चाख, थुंक, नव्या पोरांना रडव, काय हवं ते कर. फक्त एक. ती परत येऊन दारात उभी राहील, तेव्हा तो दात दाखवत म्हणेल, “बाई रुळल्यात आता, राहू द्या.” त्या वेळी मान वर कर, चमचा खाली ठेव आणि ऊठ.

मागचं काही काढू नकोस. माफी तर मुळीच मागू नकोस, मला ती कुठे ठेवायची कळणार नाही.

सूनबाईला आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही. तू नाही म्हणालीस तर तिला दुसरी वाट शोधायला वेळ हवा. तिच्या तोंडचं ‘गोड’ जाईल. जाऊ दे, मला ते शोभतही नव्हतं.

उत्तर एका शब्दाचं चालेल. हो लिही, नाही लिही. ‘बघू’ लिहू नकोस.

तुझ्या शेजारच्या खुर्चीतली,
ठिणगी