पान क्रमांक ४२

३ जानेवारी, सकाळी ७.१०
निवृत्त होऊन आज तीन महिने झाले. आजपासून घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. आमच्याकडे हे काम करू शकेल असा माणूस एकच आहे. बाकीच्यांना वेळ नाही, आणि ज्यांना वेळ आहे त्यांना शिस्त नाही.
अंदाजे कालावधी: चार महिने, छपाई धरून.

४ जानेवारी
सुरुवात कशी करावी हे सांगणारं एक पातळ पुस्तक लायब्ररीतून आणलं. पहिलाच नियम चुकीचा. म्हणे स्वतःपासून सुरुवात करा, मग आईवडील, मग त्यांचे आईवडील, असं मागे मागे जा. नवशिक्यांसाठी ठीक आहे. मी पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. तिथला नियम साधा: जो माल आधी आला तो आधी बाहेर. म्हणून पणजोबा आधी, मी सगळ्यांत शेवटी. नम्रता म्हणूनही ते बरं दिसतं.
दुसरा नियम: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी लगेच बोला. म्हणजे आत्या. वडिलांची एकुलती एक बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, लेकीकडे असते. तिचं डोकं अजून शाबूत आहे. घाई कशाला? आधी तयारी.

९ जानेवारी
दोनशे पानी रजिस्टर आखून झालं. पानं १ ते २० पणजोबा (नदीवरचा मोठा पूल बांधणारे इंजिनिअर). २१ ते ३० आजोबा. ३१ ते ४१ वडील. ४२ आई. ४३ ते १२० मी.
ही म्हणाली, आईंना एकच पान? म्हटलं, माहितीच तेवढी आहे. मी सहा वर्षांचा असताना तापाने गेली. तेवढं लिहूनही टाकलं: 'ताप.' खालचं पान रिकामं आहे, पण आखणी सुबक आहे.
आईचा फोटो नाही. वडील त्या विषयावर बोलत नसत आणि मी विचारत नसे. आमचं छान जमायचं.

१० जानेवारी
ही अजून त्याच विषयावर. आईंना पाहिलेलं असं आता आत्यांशिवाय कोण राहिलंय, आधी तेच विचारून घ्या, म्हणते. बेचाळीसचा नंबर बेचाळीसलाच येणार, असं शांतपणे समजावलं. ती हसली. का, ते कळलं नाही.

२२ जानेवारी
काम सुरू होऊ शकलं नाही. रजिस्टरला कव्हर घालायचं होतं, कव्हर मनासारखं मिळेना. मग सर्दी.

२ फेब्रुवारी, दुपारी १.३०
सरकारी रेकॉर्ड ऑफिस. पणजोबांच्या नोकरीचे कागद मागितले. खिडकीतला क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, आधी तुमचं त्यांच्याशी नातं दाखवा, हा फॉर्म भरा. फॉर्म माझ्याबद्दलच. रकाना सहा: आईचे पूर्ण नाव व माहेरचे आडनाव. मी 'लागू नाही' लिहिलं. क्लार्क म्हणाला, "आई लागू नाही असं कसं, साहेब?" मागच्या रांगेत दोघंतिघं हसले.
आडनाव मला माहीत आहे. फक्त आठवत नाही.
सरकारी माणसांना इतिहासाची कदर नाही. फॉर्म खिशात घालून परत आलो.

११ फेब्रुवारी
आत्या, बैठक पहिली. नवा रेकॉर्डर. तो माझ्या बाजूला ठेवला, कारण प्रश्न स्पष्ट यायला हवेत.
आत्या खिडकीशी खुर्चीत बसते, पायांवर चादर. मला अजून राघू म्हणते. लहानपणी माझा एक हिरवा स्वेटर होता, त्यावरून असावं. आतेबहिणीने चहा दिला आणि म्हणाली की आई सकाळपासून वाट बघतेय, केस विंचरून घेतले.
आधी आत्याला योजना समजावली. रजिस्टर, पानांची वाटणी, माझी पद्धत. दीड तास गेला. मध्येच आत्या म्हणाली, "राघू, तुझ्या आईचं एक सांगायचंय." म्हटलं, येईल, तिचा नंबर आहे. ती हं म्हणाली.
समाधानकारक बैठक.

१८ फेब्रुवारी
बैठक दुसरी. विषय पणजोबा. आत्याला फारसं माहीत नाही. पूल कसा बांधतात ते मीच सांगितलं. आत्या तीनदा विषयांतराच्या बेतात होती. वय झालं की असं होतं. मी दर वेळी नदीवर आणून सोडलं.

२७ फेब्रुवारी
टायपिंग करणारी बाई सापडली. बाजारामागच्या गल्लीत अरुंद दुकान, एक कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीवर नमुन्याच्या लग्नपत्रिका. मला काका म्हणाली. मी तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनीच मोठा असेन. फार तर तीस.
स्पष्ट सूचना: माझं सगळं टाइप करायचं, आत्याचं विषयाशी संबंधित तेवढंच. बाकीचं अवांतर, गाळायचं. तिथे कंसात 'आत्या: अवांतर' एवढं लिहायचं, म्हणजे हिशेब राहील.

९ मार्च
बैठक तिसरी आणि चौथी उरकली. आजोबा. आत्याचे ते वडीलच, तरी तिला त्यांच्या नोकरीच्या तारखा सांगता येईनात. भलतंच सांगायला लागते. फाटक, शाळा, पाऊस. एकदा माझा हात धरला. रेकॉर्डर पडला असता.
निघताना आतेबहीण दारात म्हणाली, जरा तिलाही बोलू दे की रे. मी म्हटलं, मुलाखतच तिची चाललीय.

१५ मार्च
टायपिस्ट बाईंचा फोन. "काका, हे खरंच गाळायचं? तुमच्या आईंबद्दल आहे." म्हटलं, क्रमाने येऊ द्या, तुम्ही डोकं चालवू नका. नवीन माणसाला सुरुवातीलाच ताकीद द्यावी लागते. स्टोअर्समध्येही हाच अनुभव.

२३ मार्च
बैठक पाचवी. वडिलांना घेतलं. यावर मी बरंच बोललो, त्यांचा करारीपणा, त्यांची वक्तशीरता. आत्या खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "करारी होता खरा." एवढंच. पण सुरात काहीतरी खोट होती. भावाबहिणींत असतं.
पुढच्या वेळी वडील संपतील. मग बेचाळीस. आत्याला तसं आश्वासन दिलं. तिने विचारलं, नक्की का. म्हटलं, मी शब्दाचा पक्का आहे.

३० मार्च
बैठक सहावी. वडील संपले नाहीत.

२ एप्रिल
रेकॉर्डरची मेमरी भरली. सगळं टायपिस्ट बाईंच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिलंच होतं, म्हणून पुसून मोकळा केला. माल टाइप होऊन हातात येणार असताना मूळही जपून ठेवणं म्हणजे डुप्लिकेट स्टॉक. ही म्हणाली, अहो, आवाज तरी ठेवायचा होता. बायकांना पसारा आवडतो.

१० एप्रिल
क्लार्कशी रीतसर ओळख काढली, फॉर्मशिवाय काम झालं. पणजोबांचा कागद सापडला. ते पुलावर होते, यात शंका नाही. हुद्दा: रात्रपाळीचे पहारेकरी. शेरा: कामावर असताना झोपलेले आढळल्याने कमी केले.
पानं १ ते २० चा पुनर्विचार करावा लागेल. इंजिनिअर दुसरे पणजोबा असतील. आईकडचे.

११ एप्रिल
आईकडचे शोधायला आडनाव लागेल. म्हणजे क्रमाला थोडी मुरड घालून आत्याला आत्ताच विचारणं भाग आहे. ही काही माघार नाही. रविवारी जाऊ.

१४ एप्रिल, रविवार
पाहुणे आले. पुढच्या रविवारी.

१९ एप्रिल
आतेबहिणीचा फोन. आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं.

२१ एप्रिल
हॉस्पिटल. आत्या ओळखते. डावा हात हलवते. तोंडातून फक्त 'हं' निघतं. डॉक्टर म्हणाले, या वयात वाचा परत येईल असं सांगता येणार नाही.
आतेबहिणीला विचारलं, आईचं काही तुला सांगितलंय का तिने. ती म्हणाली, कितीदा विचारलं, पण आई म्हणायची, ते आधी त्याला सांगायचंय, त्याचं आहे ते. मग म्हणाली, "तू आलास की दार लावून घ्यायची मी. म्हटलं, सांगत असेल."
काळजीचं कारण नाही. सहा बैठका टाइप झालेल्या आहेत.

२४ एप्रिल
टाइप केलेला गठ्ठा आणला. एकशे सव्वीस पानं. मजकूर वाचनीय आहे. मी चांगला बोलतो.
'(आत्या: अवांतर)' मोजलं. सत्तावन्न ठिकाणी.
अवांतर नसलेलं आत्याचं एकूण बोलणं: 'हं', 'हो रे बाबा', 'चहा घे, निवतोय', 'करारी होता खरा.'

२५ एप्रिल
दुकानात गेलो. रेकॉर्डिंगची कॉपी असेलच, असं गृहीत होतं. बाई म्हणाली, काम दिलं की पुसते काका, लोकांचं खासगी असतं.
मी तिच्या कामाच्या पद्धतीवर दोन शब्द बोललो. दोनाचे बरेच झाले असावेत, कारण बाहेरचं गिऱ्हाईक परत गेलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गाळायला आधी ऐकावंच लागतं ना, काका. थोडं आठवतंय मला. सांगू?"
मी म्हटलं, आता घाईत आहे.
घाई नव्हती. बसस्टॉपवर पाऊण तास बसलो होतो.

२९ एप्रिल
दुकानात गेलो नाही. पाय दुखतोय.

४ मे
ही म्हणाली, मी येते बरोबर. म्हटलं, गरज नाही. तरी ती आली. टायपिंगच्या दुकानात न येता समोरच्या चपलांच्या दुकानात उभी राहिली, चपला बघत.

बाईने पंखा बंद केला, म्हणजे ऐकू यावं म्हणून. तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत:

"ताप नव्हता काका. तुमच्या वडिलांनी आईंना घराबाहेर काढलं. का, ते आत्या सांगत होत्या, पण तिथे तुम्ही पुलाच्या खांबांचं सांगायला लागलात, मग मला नीट ऐकू आलं नाही. घरात सगळ्यांना ताप सांगायचा असं ठरलं. दोन वर्षांनी त्या तुम्हाला न्यायला आल्या. आत्यांनीच चोरून शाळेच्या फाटकाशी नेलं त्यांना. मधली सुट्टी होती, पाऊस होता. तुम्ही फाटकाच्या आतून बाराचा पाढा म्हणायला लागलात. मग तेराचा. थांबेचनात. त्या काही बोलायला गेल्या की तुम्ही आणखी मोठ्याने. घंटा झाली, तुम्ही आत पळालात. मग त्या गेल्या."

मी विचारलं, आडनाव. म्हणाली, सांगितलं होतं एकदा, गाळलं मी. गावाचंही नाव होतं. पुढे त्या नर्सिंग शिकल्या असं काहीतरी. रोज इतक्या लोकांचं टाइप करते काका, राहत नाही डोक्यात.
मी म्हटलं, मला ते फाटक आठवत नाही. तेराचा पाढा मला तिसरीत येत होता हे मात्र खरं, बक्षीस होतं त्याला. पाढ्यांच्या जुन्या पद्धतीबद्दल तिला थोडं सांगत होतो. तिने मध्येच थांबवलं.
"आत्यांचं एक वाक्य तसंच्या तसं आठवतंय. म्हणाल्या, तुला ती आवडत नव्हती असं नाही रे राघू, तू घाबरलास की बोलतोस."

बाहेर आलो. हिने चपला घेतल्या नव्हत्या.

५ मे
पान ४२. 'ताप' खोडलं. रेघ सरळ आली नाही.
फॉर्मच्या रकाना सहामध्ये अजून 'लागू नाही'च.

६ मे
संकल्प: आत्याकडे जायचं. एक शब्दही बोलायचा नाही. रजिस्टर नाही, रेकॉर्डर नाही. फक्त तिच्याजवळ बसायचं. तिला डाव्या हाताने काही खुणावता आलं तर ते बघायचं. माहेरच्या आडनावाची अक्षरं एकेक करून दाखवता येतील, ती 'हं' म्हणेल. अक्षरांचे कागद कापून ठेवलेत. पद्धत निर्दोष आहे.

७ मे
आत्याला घरी आणलंय. खिडकीशीच झोपवलंय. आतेबहिणीने दार लावून घेतलं.
तीन वाजता बसलो. आत्याने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहत राहिली, हसली नाही. तोंड उघडलं, ओठ हलले, काही फुटलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.
मी म्हटलं, आत्या, पणजोबा इंजिनिअर नव्हते म्हणे, पहारेकरी होते. मग तो कागद कसा मिळाला ते सांगितलं. क्लार्कचं सांगितलं. पुलाला किती खांब होते, मधला खांब पुरात कसा वाहून गेला, परत कसा बांधला, ते सांगितलं. मग स्टोअर्समध्ये माझ्या काळात एकही नट कसा कमी भरला नाही, ते.
आत्याने डावा हात उचलला. हळूहळू वर आणला आणि माझ्या तोंडावर ठेवला.
घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. अक्षरांचे कागद खिशातच होते.