मऊ गळ, जाड तार

१७ फेब्रु., मंगळ. परळी.
आईचा फोन, माजलगावहून. रविवारी धरणाच्या फुगवट्यात अप्पांच्या लाकडी माशाची, म्हणजे मरळीच्या आमिषाची, कडी उपटली. मरळ गेली, कडी आणि गळ तोंडात घेऊन. "दोन दिस झाले धड जेवत न्हाईत. आता ती खाईल कशी, म्हणतेत."
कडी कशाची होती?
"सायकलच्या आऱ्याची. त्येंनीच पिळलेली."
पांगाऱ्याच्या मऊ लाकडात पिळलेली कडी धरत नाही. हे अप्पांनीच मला शिकवलं होतं. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. आता हात घाई करत असावा.
आईला म्हटलं, तो मासा मला पाठव.
"कावून पाठवतील ते?"
बरोबर. माझा साखरपुडा मोडून सात महिने झाले. तेव्हापासून अप्पांचा माझ्याशी शब्द नाही.

१९ फेब्रु., गुरु.
एसटीच्या पार्सलने चिवड्याचा डबा. तळाशी, पेपरात गुंडाळून, तो मासा. शेपटीकडचं भोक फाटलेलं. हिरवा रंग अजून तोच, आमच्या जुन्या खिडकीचा.
आईला फोन. तू ठेवलास?
"मी न्हाई बाई. डबा मी भरला, बांधला त्येंनी."


२० फेब्रु., शुक्र.
लॅब, सकाळची ड्यूटी. सहा गेजची मापं तपासली. संध्याकाळी तार.
कड्या नकोत. पोटात चीर पाडून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच तार, दोन्ही टोकांना आणि पोटाखाली डोळे, तारेचीच गोल वळणं. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो.
बांधकामाची तार: मऊ, गंजते. क्लचची केबल: पदर सुटतात. आरा: लहान वळणावर तडकतो. राहिली स्टेनलेसची वेल्डिंगची तार, ०.८ नाहीतर १.२ मिमी.
फॅब्रिकेशनवाल्या रशीदचाचांकडे गेले. "ताई, मच्छीला बी वेल्डिंग मारता का आता?" दोन्हीची हात-दीड हात तार दिली. पैसे घेतले नाहीत. "मच्छी लागली तर कालवण पाठवा."
आठवड्यात ऑफिसबाहेरच्या माणसाशी एवढंच बोलणं.

२२ फेब्रु., रवि.
डोळा दाराच्या चौकटीला, खाली बादली, पाणी ओतत गेले. ०.८ ची तार सहा किलोला उघडली. १.२ ला पंधरा किलोलाही काही नाही. अप्पांचा तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, आठ किलोचा.
घरमालकीण दारात. "नळ आलाय, लोक पाणी भरायलेत, आन् तू बादल्या टांगायलीस?"
म्हटलं, टेस्ट आहे.
"कशाची गं?"
माशाची. गेल्या.
खरा प्रश्न तारेचा नाहीच. आधी काय सुटावं, हा आहे. तंगूस तुटला तर मरळ गळासकट जाते. म्हणून गळ सगळ्यांत मऊ हवा. पाच किलोला सरळ होणारा. जोर जास्त झाला तर गळ उघडेल, मरळ मोकळी, मासा अप्पांच्या हातात परत. त्यांना तेच लागलं होतं ना, तोंडातल्या गळाचं. माशात १.२ ची तार बसवली, मऊ गळ लावला, पार्सल बांधायला घेतलं.
चिठ्ठी: "तार १.२. गळ मऊ आहे." वर 'ती. अप्पा' लिहिलं. खोडलं. दुसरा कागद घेतला, परत तेच लिहिलं.

२४ फेब्रु., मंगळ.
पार्सल पोचलं. आई म्हणाली, अप्पांनी डोळ्यांपाशी तार ओढून बघितली, नखाने, चारदा. 

१ मार्च, रवि.
दुपारी आईचा फोन. मरळ लागली. मोठी. काठापर्यंत आणली, गळ सरळ झाला, गेली.
"लई तापलेत. एवढी शिकली, म्हणले, आन् गळ निवडता यीना."
मला म्हणाले?
"न्हाई. भिताडाला."
आईला समजावलं की ते मुद्दाम होतं. आईने लगेच तिकडे सांगितलं, ऐकू आलं मला. मग अप्पांचा आवाज, लांबून पण स्पष्ट:
"मुद्दाम? मासा माझ्या हातात, आन् सोडायचा का न्हाई ते हिनं ठरवायचं? इच्यारलं का मला?"
हेच वाक्य. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी, ओसरीवर, हेच. मुलाकडची माणसं नोकरी सोड म्हणाली, मी तिकडेच फोन करून नाही म्हटलं, अप्पांना नंतर कळवलं. मला अजूनही निर्णय बरोबरच वाटतो.
पण विचारलं नव्हतं, हेही बरोबर आहे. दोन्ही वेळा.
जेवण केलं नाही. भाजी चिरून तशीच.

२ मार्च, सोम.
गळांचे दोन संच घेतले. एक मऊ, एक जाड. दोन पुड्या केल्या, वर किलो लिहिले. चिठ्ठी: "कोणते लावायचे? तुम्ही सांगा." खाली नाव लिहिलं नाही. अक्षर ओळखतात.
प्रश्न पाठवणं अवघड गेलं. उत्तर पाठवणं मला नेहमी सोपं.

५ मार्च, गुरु.
काही नाही. आईचाही फोन नाही. मीही केला नाही. लॅबमध्ये एक रीडिंग दोनदा चुकवलं.

६ मार्च, शुक्र.
सात वाजता अप्पांच्या नंबरवरून फोन. मागे भांडी, आई: "बोला की आता. फोन लावलाय कशाला मंग?"
"दोन्ही पुड्या बघितल्या."
मी हं म्हटलं.
"तुझं काय म्हणणं हाय?"
उत्तर तयार होतं, कारणांसकट. म्हटलं, मऊच. पण तुम्ही ठरवा.
"ठरवीन मी. कारण सांग."
सांगायला लागले. तंगूस आठचा, मरळ तीन-साडेतीन किलोची, काठाशी झटका सगळ्यांत मोठा. ते मध्ये "हं" म्हणाले, एकदा. मग आवाज गेला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, कळलं नाही. परत लावला, लागला नाही.
उरलेली कारणं कागदावर लिहिली. चार झाली. चौथं नोकरी का सोडली नाही त्याचं होतं, ते कसं आलं माहीत नाही. खोडलेलं नाही.
परवा रविवार. सुट्टी आहे. माजलगावची पहिली गाडी सहाला सुटते.