पोर्तुगालची गाडी आणि सलव्यातली लिफ्ट

सलवा, कुवेत
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आदरणीय आणि तितक्याच हट्टी ताहिराआपांना सलाम, आणि वर एक नमस्कारही.

शुक्रवार, दिनांक २२ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लिफ्टसमोर सुरू होऊन वीस मिनिटांनी आमच्याच जेवणाच्या टेबलापाशी पूर्ण झालेल्या अन्यायाबद्दल हे पत्र आहे. (तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात तारीख, वेळ आणि जागा आली पाहिजे, असं नाशिकच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर फिलोमिना शिकवत. त्या स्वतः बिशपना अशी पत्रं लिहीत, आणि शाळेला नवं छप्पर त्याच पत्रांनी मिळालं.) आता तब्येतीची चौकशी. गुडघ्यांविषयी मी मुद्दामच विचारत नाही, तो विषय सध्या नाजूक आहे. बाकी रक्तदाब कसा आहे? लेक-सून, सर्फराज आणि फरहीन, मजेत ना? अलिनाही मजेत असावी, कारण काल मी फोन केला तेव्हा तुमच्या या गुणी नातीने 'दादी इज नॉट अव्हेलेबल' असं सांगितलं आणि मागून तुमचा खोकला मला स्पष्ट ऐकू आला. खोकल्याला आलं-मध घ्या. तुमचं अबू हलीफा इथून पंचवीस मिनिटांवर असताना मी कागदावर का लिहिते आहे, हेही त्यातूनच कळलं असेल. कागदाला अव्हेलेबल नसता येत नाही.

मुळात ही सहल कुणाची, ते आधी नोंदवून ठेवू या. सव्वीस वर्षं तुम्ही शाळेत नववीला भूमध्य सागरी हवामान शिकवलंत. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह, द्राक्षं, बुचाची झाडं. ऑलिव्हशी तुमची ओळख जमियाच्या दुकानातल्या बरणीपलीकडे गेली नाही, आणि फळ्यावर तुम्ही काढायचात ते बुचाचं झाड तुमच्या चौलच्या आंब्यासारखंच दिसायचं. (शेजारच्या वर्गात मी इंग्रजी शिकवत होते. मधल्या दारातून मला सगळं दिसायचं.) जूनमध्ये आपण दोघी एकाच दिवशी निवृत्त झालो, एकाच आकाराची दोन घड्याळं घेऊन बाहेर आलो, आणि पार्किंगमध्ये तुम्ही म्हणालात, "विजया, मुलांना दाखवलं ते झाड एकदा आपण बघून येऊ गं." पोर्तुगाल तिथेच ठरलं. तिथे बटाट्याला बटाटाच म्हणतात आणि चावीला जवळपास चावीच, हे कळल्यावर तर तुम्ही म्हणालात की हा परदेशच नव्हे, रेवदंड्याच्या पुढचं गाव आहे. पोर्तो, कोइंब्रा, लिस्बन, फारो, चार शहरं, अकरा दिवस, सगळा प्रवास रेल्वेने. ज्या देशात रेल्वेचा एक रूळ नाही तिथे तीस वर्षं राहिलेल्या दोन बायकांनी रेल्वेची सहल आखायला घ्यावी, यातच मला धोका दिसायला हवा होता. दिसला नाही, कारण त्या आठवड्यात आपण फार खुशीत होतो. आमच्या रविकांतना सोबत घ्यायचं की नाही यावर आपली दोन दिवस चर्चा झाली, आणि बॅगा उचलायला कुणीतरी हवं या एकाच मुद्द्यावर त्यांची निवड झाली. (हे त्यांना अजून माहीत नाही. त्यांची समजूत अशी की तांत्रिक मार्गदर्शनासाठी बोलावलं आहे.)

तांत्रिक मार्गदर्शन म्हणजे काय ते तुम्ही पाहिलंत. एकतीस वर्षं या माणसाने रिफायनरीत शटडाउन आखले. चालू प्लांट तीन आठवडे बंद करायचा, उघडायचा, दुरुस्त करायचा आणि ठरल्या तासाला पुन्हा सुरू करायचा. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत त्यांना बंद करायला काहीच मिळालं नव्हतं. (एकदा फ्रीज मिळाला. त्या शुक्रवारी तुम्हा सगळ्यांना कोळंबी खायला तातडीने बोलावलं होतं ते त्यामुळे.) आता एक अख्खा देश हाती लागल्यावर ते थांबतात थोडेच! हॉलच्या भिंतीवर सहा फुटी तक्ता लागला. पाच ऑक्टोबर हा 'डे झिरो'. कोइंब्राचं विद्यापीठ बघणं म्हणजे 'इन्स्पेक्शन', दोन तास. दुपारचं जेवण बावीस मिनिटं, पदार्थावरची चर्चा धरून. स्वच्छतागृहाच्या वेळा हिरव्या रंगात. दर रविवारी सकाळी साडेसातला हॉलमध्ये बैठक, आणि आठ वाजता तिचा वृत्तांत मला ईमेलने, मी त्याच सोफ्यावर बसलेली असताना. आमच्या सलीलने एकदाच, "बाबा, जस्ट बुक इट," म्हटलं, तर त्याची 'बाहेरच्या कंत्राटदाराचा शेरा' म्हणून नोंद झाली.

आणि त्या सहा फुटांत तुमचं एकच मागणं बसत नव्हतं. पोर्तोहून दोउरु नदीच्या काठाकाठाने एक संथ गाडी जाते. तिच्यात खिडकीशी बसायचं, गाडी जिथे संपते तिथवर जायचं, आणि कुठेही न उतरता तशीच परत यायचं. नदी वळण कसं घेते ते मी पोरांना बाणांनी दाखवलं, आता ती स्वतः घेताना बघायची आहे, असं तुम्ही म्हणालात. मी लगेच उठून ते तक्त्यावर लिहिलं. रविकांतनी मात्र त्यावर 'उत्पादन शून्य' असा शेरा मारून ती ओळ खोडली.

आता शुक्रवार. तिथल्या लहान स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, तेव्हा सराव हवा, असा ठराव झाला. कुवेतात गाडी कुठून आणायची? म्हणून आमची लिफ्ट ही गाडी, तिसरा मजला पोर्तो, दुसरा कोइंब्रा, पहिला लिस्बन आणि तळमजला फारो. लिफ्टचं दार बारा सेकंदांत बंद होतं. बारा सेकंदांत जमलं तर दोन मिनिटांत जमणारच, याला म्हणे डिझाइन मार्जिन म्हणतात. तीन माणसं, तिघांची वयं मिळून एकशे एकोणनव्वद, तीन बॅगा, आणि बॅगांत वजन म्हणून तांदूळ. (तुमच्या बॅगेत बासमती होता. पाहुण्यांच्या बाबतीत आमचं घर अजून इतकं खाली आलेलं नाही.) असरची नमाज पढून तुम्ही उत्साहाने आलात, हे मी आवर्जून लिहिते. पोर्तो आणि कोइंब्रा सुरळीत पार पडली. कोइंब्राला तर तुम्ही मला ढकलून आधी शिरलात. चार वाजून दहा मिनिटांनी लिस्बनला तुमची बॅग आत गेली, तुम्ही बाहेर राहिलात, आणि दार मिटता मिटता आतून या गृहस्थांनी स्टॉपवॉच दाबून जाहीर केलं, "ताहिराबाई लिस्बनला राहिल्या!" वर कुणीतरी बटण दाबलेलं, त्यामुळे लिफ्ट पाचव्या मजल्यावर गेली. (तिथे स्टेशन नाही.) तुम्ही दोन जिने चढून आमच्या घरात आलात, चहाला बसलात, आणि टेबलावरचा तो दुसरा कागद तुमच्या नजरेला पडला.

'धोक्यांची नोंद' असं त्याचं नाव. पहिली ओळ पाऊस. दुसरी रेल्वेचा संप. तिसरी खिसेकापू. चौथी, 'ताहिराबाई – गुडघे. शक्यता: जास्त. परिणाम: गंभीर.' खिसेकापूंना पिवळा रंग आणि तुम्हाला लाल! तुम्ही कप खाली ठेवलात. "तुम्ही दोघंच जा गं. लाल बाई घरीच बरी," एवढं बोलून पर्स उचललीत. (त्या वेळी लिफ्ट मात्र बारा सेकंदांच्या आत पकडलीत, तेही मी नोंदवून ठेवते.) खाली दारावर हारिसच्या पहाऱ्याच्या खुर्चीवर, चव्वेचाळीस अंशांत, सर्फराजची गाडी येईपर्यंत बसून राहिलात, पण वर आला नाहीत. मी दोनदा खाली आले. दोन्ही वेळा तुम्ही पर्समध्ये काहीतरी शोधत होतात.

याचा पुढचा परिणाम तुम्हाला ठाऊक नाही. इमारतीची राखण करणाऱ्या आमच्या इजिप्शियन हारिसने काय पाहिलं? तीन म्हातारी माणसं बॅगा घेऊन तासभर वर-खाली करताहेत आणि शेवटी एक बाई त्याच्या खुर्चीत बसून डोळे पुसते आहे. या गावात त्याचा अर्थ एकच. घर कायमचं आवरून मायदेशी निघाले! संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी बातमी पाच मजले फिरली. चौथ्या मजल्यावरचा आलोक वॉशिंग मशीन किती वर्षांचं आहे विचारून गेला. दुसऱ्या मजल्यावरची सना टेप घेऊनच आली, डोळे पुसत पुसत पडद्यांची मापं घेतली, आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आंटी, आपके बग़ैर बिल्डिंग सूनी हो जाएगी, सोफ़ा किसी और को मत देना." रविकांत हारिसला समजवायला खाली गेले. त्यांचं अरबी प्लांटमधल्या पाट्यांवर पोसलेलं, त्यामुळे धोका, मनाई आणि बाहेर जाण्याचा मार्ग, एवढेच तीन विषय त्यांना बोलता येतात. तिन्ही वापरून त्यांनी खुलासा केला. आता हारिसची खात्री आहे की यांना सरकारनेच बाहेर काढलं. तो बिचारा रडला. तीन घरांतून निरोपाचं जेवण आलं, शनिवारी मी गॅस पेटवला नाही. सनाचा हलीम इतका उत्तम होता की खरा खुलासा करायला मी सोमवारपर्यंत थांबणार आहे.

पण आपा, तो हलीम खाताना टेबलावर तुमची खुर्ची रिकामी होती, आणि ज्यावर बोलायला बावीस मिनिटंसुद्धा पुरली नसती असं ते जेवण आम्ही दोघांनी सात मिनिटांत उरकलं. मग मी उठले, तक्त्यापाशी गेले आणि तासभर बोलले. वृत्तांत लिहायला त्यांना कागद पुरला नाही. शेवटी त्यांनी मंगळवार, सात ऑक्टोबरचा सगळा चौकोन पुसला आणि त्यात एकच शब्द लिहिला, 'नदी'. वेळ नाही, रंग नाही, बैठक नाही. स्वच्छतागृहसुद्धा आपल्या मर्जीने. एकतीस वर्षांत त्यांनी रिकामा चौकोन पहिल्यांदाच सोडला असेल. लग्न होऊन अडतीस वर्षं झाली, पण मला इतकं छान काही त्यांनी कधी लिहून दिलेलं नाही.

तेव्हा राग पुरे. त्या माणसाने तुम्हाला खिसेकापूच्या खालच्या ओळीत बसवलं, त्याबद्दल मी घरात त्यांचा पुरेसा उद्धार केला आहे आणि गरज पडल्यास रोज करीन. तुमचाही एक गुन्हा आहेच. अर्धा कप चहा टाकून कुणी जातं का?

तुमची (हट्टात तुमच्याहून तसूभर जास्त)
विजया

ता. क. १ – पडदे मी सनाला खरोखरच देऊन टाकणार आहे. तिने घेतलेली मापं पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की ते आमच्या खिडक्यांना कधी बसलेच नव्हते.

ता. क. २ – हे लिहायचं नव्हतं. गुडघ्यांची ती ओळ माझी आहे. रविकांत फक्त टाइप करत होते, आणि लाल रंगही मीच सांगितला. गेल्या महिन्यात जमियाच्या पायऱ्यांवर तुम्ही कठडा धरून थांबलात आणि चपलेचा पट्टा सुटला म्हणालात. आपा, त्या चपलेला पट्टाच नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक स्टेशनला किती पायऱ्या आहेत ते शोधत बसले आहे. हे तुम्हाला तोंडावर विचारायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून कागदावर टाकलं, आणि तो कागद टेबलावर ठेवण्याचा मूर्खपणाही माझाच. माझं चुकलं. वरची पानं मात्र मी बदलणार नाही. तो माणूस बाकीच्या गोष्टींसाठी अपराधी आहेच.

ता. क. ३ – तुम्ही चार ओळी वाचून उठलात. पाचवी मीही काल पहिल्यांदा वाचली. ती त्यांनी माझ्या पाठीमागे घातली आहे. 'विजया – जीभ. शक्यता: निश्चित. परिणाम: वर्णन करता येत नाही. उपाय: ताहिराबाई सोबत असणे.' दुसरा उपाय लिहिलेलाच नाही. आणि त्यांच्या रिफायनरीचा नियम असा की उपाय जागेवर नसेल तर काम सुरूच करायचं नाही. म्हणजे तुम्ही आला नाहीत तर पोर्तुगाल रद्द, आणि मी या माणसासोबत जन्मभर सलव्यातच. गुरुवारी, २८ तारखेला, सकाळी साडेनऊला व्हिसाची आपली तिघांची अपॉइंटमेंट आहे. मी ती रद्द केलेली नाही. पासपोर्ट, सिव्हिल आयडीची प्रत आणि दोन फोटो लागतील. (हसरा फोटो ते घेत नाहीत. या आठवड्यातच काढून घ्या.) बुधवारी आमच्याकडे गणपती, म्हणजे सकाळपासून माझे हात उकडीत असतील आणि मला काही वाचता येणार नाही. तरी तुमचं उत्तर, स्वतःच्या अक्षरात आणि सहीनिशी, मंगळवार दिनांक २६ ऑगस्ट रोजी संध्याकाळी सहाच्या आत, ऑफिसातून परतणाऱ्या सर्फराजच्या हाती माझ्या दारात पोचलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा उत्तर म्हणून धरला जाणार नाही.