सासूबाईंचा काळा सुरवंट

प्रिय एमेट यांस, विल्बरचा नमस्कार.

इकडे ओहायोत आम्ही धडधाकट आहोत. तिकडे टेनेसीत तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. (नाही कळवलेत तरी चालेल, गुडघा तुमचा आहे.)

आपल्या गावची ऑक्टोबरातली जत्रा तुम्ही विसरला नसाल. अस्वलासारखे केसाळ सुरवंट दोरीवर चढवायचे आणि जो पहिला वर पोचेल त्याच्या अंगावरून हिवाळा वाचायचा. तेरा वेढे, तेरा आठवडे. वेढा काळा तर कडाका, तांबूस तर ऊब. यंदा तुमच्या मातोश्रींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, परसातून स्वतःचा गडी आणला. नाव ‘जनरल’. डोक्यापासून शेपटीपर्यंत नुसता कोळसा. बाकीचे दोरीवर विचार करत बसले, तेवढ्यात जनरल वर!

“तेरा आठवडे बर्फ!” सासूबाई आनंदाने म्हणाल्या. “माझं छप्पर काही तग धरत नाही बाई. मी आपली तुझ्याकडेच येते, लव्होन.” लव्होन म्हणाली, “ये की!” नवऱ्याला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

माणसाला विद्येची गोडी लागायला निमित्त लागते. मला सासूबाईंच्या मुक्कामाचे तेरा आठवडे पुरले. आजवर मी पतंगाकडे पाहिले ते चप्पल हातात घेऊनच. पण वाचनालयातून पतंगांचे जाडजूड पुस्तक आणले, आणि रविवारी चर्चच्या जेवणात पास्टर होबार्ट निकाल वाचायला उठले तसा मीही उठलो. जनरलला काट्याने हलकेच डिवचले. त्याने अंगाचे वेटोळे केले, आणि वेढ्यांच्या सांध्यांत लालभडक पट्टे दिसले.

“पास्टर, हा आपला सुरवंटच नव्हे. आपल्याचा पिवळट वाघ-पतंग होतो. ह्याचा होणार पांढरा, अंगभर काळ्या कड्यांचा. बिबट्या-पतंग म्हणतात त्याला. हा जन्मभर काळाच, हिवाळा कसाही येवो.”

“म्हणजे परजातीचा?” पास्टर हादरले.

“अरे, आणि मी गाडीभर लाकूड फोडून बसलो!” शेजारचा क्लाइड ओरडला.

सासूबाई शांत होत्या. “विल्बर, लग्नात तुला नवरी ओळखायला चष्मा लागला होता. आता सुरवंटांच्या कमरा बघतोस?”

जनरल बाद झाला. दुसरा आलेला सुरवंट अस्सल निघाला, आणि जवळजवळ सगळा तांबूस. हिवाळा सौम्य, असा निकाल लागला. त्या रात्री मी भोपळ्याची गोड पाई दोनदा वाढून घेतली. असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
विल्बर

ता. क. सासूबाई म्हणतात, हिवाळा सौम्य म्हणजे घाटातले रस्ते उघडे. मग जावयाच्या दारी कशाला, मुलाकडेच जाते. शनिवारच्या बसने निघत आहेत. उतरवून घ्यावे.

ता. क. २. त्याच पुस्तकात पुढे लिहिले आहे की अस्सल सुरवंटाचा तांबूस पट्टाही त्याच्या वयाबरोबर वाढतो, येत्या थंडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मी गावात कुणाला बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका. निदान बस सुटेपर्यंत तरी.