रोबोतला आईचा आवाज

तुझे मित्र पाच वाजता रोबो बघायला येतील. तो कपाटावर दिसणार नाही. मी त्याला घेऊन माझ्या ताईकडे चाललेय.

आवडत्या मालिकेतला रोबो पत्र्याच्या डब्यांतून हुबेहूब बनवायला तू सहा महिने खपलास, मी अवाक्षर काढलं नाही. त्याच्या डोळ्यांतले दिवे तर मीच जोडून दिले. पण त्याला आवाज हवा म्हणून माझ्या फोनमधलं माझ्या आईचं रेकॉर्ड केलेलं बोलणं तू न विचारता उचललंस. वर मूळचं पुसलंस, म्हणे फोनमध्ये जागा झाली.

काल पाहुण्यांसमोर तू बटण दाबलंस आणि तो म्हणाला, "बाळ, जेवलीस का?" सगळे हसले. तूही हसलास. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजले. नंतर म्हणालास, "अगं, गंमत केली. किती मनाला लावून घेतेस." आईला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. फोन करू नकोस.

ताईनं आई गेल्यापासून तिचा आवाज ऐकलेला नाही. आता तो या डब्यातूनच ऐकावा लागेल, हे तिला कसं सांगायचं याचा विचार करत निघालेय.