तव्याची काजळी

अहो,
चिठ्ठीवर तुमचं नाव घालत न्हाय. घरात वाचणारं दुसरं कोण हाय?

भाकरी शिंक्यात हाय, ती घरीच खावा. आज होटगीच्या गाडीला जाऊ नका. इंजिनं पुसायच्या कामावरनं तुमाला कमी केलंय, ते मला कळलंय. कुणी सांगितलं न्हाय. इंजिनाची काजळी तेलकट, रिठ्यानंबी निघत न्हाय. ह्या आठवड्यात तुमचा सदरा नुसत्या पाण्यानं निघाला, आन माज्या तव्याचं बूड मातूर लख्ख झालंय.

दिसभर कुटं बसून येता, ते इचारणार न्हाय. शेजारच्या गोजरकाकूसंगं मी गिरणीत काम मिळतंय का बघाया चाललेय, सांजच्याला येते.

उद्यापासनं सदरा काळा करू नका. धुवायला मला वेळ न्हाय मिळायचा.